पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही : पेठांमधल्या मुस्लिम तरुणांच्या नागरिक-वर्गाच्या प्रकल्प नोंदी

वयोगट 16 ते 24, मुलं-मुली एकत्र, दर रविवारी एक वर्ग. ठिकाण पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठा. काही जण कोंढव्याहून येणारे. उद्देश एवढाच की वर्गातल्या प्रत्येकाला आपल्या गल्लीचं एक काम कागदावर मांडता यावं, योग्य टेबलावर नेता यावं आणि संपेपर्यंत त्याचा पाठपुरावा करता यावा. दुसऱ्या मोहल्ल्यात कुणाला असा वर्ग घ्यायचा असेल तर या नोंदी त्यांच्यासाठी. काय जमलं यापेक्षा काय अडलं ते जास्त लिहिलं आहे.

18 मे 2025, रविवार. जागा, वेळ, पालक

मशिदीच्या वरच्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळत होता, तरी घेतला नाही. तिथे वर्ग ठेवला की मुली येत नाहीत आणि शेजारच्या गल्लीतली बिगरमुस्लिम मुलं तर नाहीतच. शाळेची खोली घेतली. भाडं नाही, मात्र शिपाईमामांना रविवारी थांबावं लागतं, त्याचे पैसे ठरवून द्यायचे.

वेळ नमाजाला धरून लावावी लागते. मे-जूनमध्ये असर (दुपारनंतरची) आणि मगरिब (सूर्यास्ताची) या नमाजांच्या मध्ये दीड तासाच्या आसपास मिळतो, म्हणून साडेपाच ते पावणेसात. हेच वेळापत्रक नोव्हेंबरात चालत नाही, मगरिब सहाच्या सुमारास येते. दिवाळीनंतर वर्ग दुपारी अडीचला न्यायचा, हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगून टाकावं. नाहीतर ऐनवेळी वेळ बदलली की बारावीच्या क्लासवाल्या मुली गळतात.

जाहिरातीसाठी फ्लेक्स लावला, ₹900 गेले. त्यातून कुणी आलं नाही. शिवाय परवानगीशिवाय फ्लेक्स लावणं बेकायदा, म्हणजे नागरिकत्वाच्या वर्गाची सुरुवातच नियम मोडून! दुसऱ्या दिवशी काढला. मुलं आली ती इमामसाहेबांनी जुम्याच्या (शुक्रवारच्या) बयानात, म्हणजे प्रवचनात, केलेल्या दोन मिनिटांच्या आवाहनामुळे आणि त्याहून जास्त बचत गटाच्या बायकांमुळे. रस्त्यातली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हाही ईमानचाच भाग, ही हदीस (पैगंबरांचं वचन) सगळ्यांना पाठ असते. इमामसाहेबांनी तीच धरली.

पालकांचा प्रश्न ठरलेला: "अर्जावर आमच्या पोराचं नाव कशाला?" ही भीती हसण्यावारी नेऊ नये. तिघांनी मिळून सही करायची आणि अल्पवयीन मुलाच्या अर्जावर पालकाची सही घ्यायची, असं ठरवल्यावर बहुतेक घरं राजी झाली.

1 जून. पहिला वर्ग

संविधानावरचं सादरीकरण केलं होतं: मूलभूत हक्क, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेली कर्तव्यं, 51-अ कलम. विसाव्या मिनिटाला मागची रांग मोबाइलमध्ये. हे सगळं शाळेत झालेलं असतं आणि परीक्षेपुरतं पाठही असतं.

पुढच्या वर्गापासून सादरीकरण बंद. उद्देशिका मराठीतून आणि उर्दूतून एकदा वाचायची, पाच मिनिटं, बस्स. बाकी वेळ एका कामावर. प्रत्येकाला एक 100 पानी वही. डाव्या पानावर काम, उजव्या पानावर तारीख, कार्यालय, टेबल, पोच क्रमांक. वर्गाचा एकच नियम फळ्यावर लिहिला: पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. तोंडी सांगितलेलं काम झालं तर ते उपकार ठरतं, आणि झालं नाही तर ते कधी सांगितलंच नव्हतं.

7 ते 9 जून. बकरी ईदचा कचरा

सुरुवातीला हेच काम घेतलं, कारण तीन दिवसांत निकाल दिसतो आणि शेजाऱ्यांशी कटकटही याच दिवसांत होते. कुर्बानी तीन दिवस चालते, पण पहिल्या दिवशी दुपारी बारापर्यंत सगळा भार येतो. गाडीची वेळ त्याप्रमाणे मागायची.

आधी करायची कामं: आठवडाभर आधी आरोग्य निरीक्षकांना लेखी पत्र (पोचेसह), कंटेनर कुठे ठेवणार आणि गाड्या किती वाजता उचलणार याची विचारणा, मुकादमांचा नंबर, आणि गल्लीवार दोन-दोन मुलं.

पिशव्यांचा घोळ झाला. कंपोस्ट होणाऱ्या पातळ पिशव्या आणल्या, त्या हाडांच्या टोकांनी फाटल्या. मग पिठाची रिकामी पोती वापरली, ती गळू लागली. शेवटी जमलं ते असं: पोतंच, पण त्यात तळाला लाकडाच्या भुशाचा चार बोटं थर, आणि पोतं अर्धंच भरायचं. पूर्ण भरलेलं पोतं दोघांना उचलत नाही, मग ते फरफटत नेतात आणि रस्ताभर रक्ताचा पट्टा उमटतो. भुसा सुतारांच्या वखारीतून जवळपास फुकट मिळतो. कातडी वेगळी ठेवायची, ती घेणारे व्यापारी असतात. ओल्या कचऱ्यात मिसळली तर कुणीच उचलत नाही.

रक्त थेट गटारात धुऊन सोडू नका. जाळीपाशी चरबी गोठते आणि जूनच्या पहिल्या पावसात तिथेच पाणी तुंबतं. आधी भुसा टाकून खराट्याने गोळा करायचं, मग थोडं पाणी, शेवटी चुन्याची भुकटी. चुना टाकताना हातांत हातमोजे, आणि पायांत चप्पल नव्हे, बूट. दोघांचे तळपाय भाजले.

फोटोंची एक मोठी भानगड. मुलं उत्साहात मांसाचे, रक्ताचे फोटो ग्रुपवर टाकतात. बंदी घातली. फोटो फक्त स्वच्छ झालेल्या रस्त्याचा, तोही आरोग्य निरीक्षकांना पाठवण्यापुरता.

15 जून. तक्रार कुठे करायची

अभ्यास: प्रत्येकाने गल्लीतली एक तक्रार नोंदवायची. दिवा, गटाराचं झाकण, कचरा. निम्म्या तक्रारी चुकीच्या दारात गेल्या.

पेठांना लागूनच कॅम्प. कॅम्प म्हणजे पुणे कॅन्टोन्मेंट बोर्ड, जे महापालिकेच्या नव्हे, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं आणि 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्यावर चालतं. रस्त्याची एक बाजू महापालिकेची आणि दुसरी बोर्डाची, असंही होतं. विजेचा खांब कुणाचा हे त्यावरच्या क्रमांकावरून कळतं. खांबाचा फोटो घेताना क्रमांक वाचता आला पाहिजे, नाहीतर तक्रार परत येते. सांडपाण्याचं झाकण आणि पावसाळी गटाराचं झाकण यांची खातीही वेगळी. झाकणावरची अक्षरं वाचावीत.

अ‍ॅपवरची तक्रार "निकाली" दिसते, काम झालेलं नसतं. अशा वेळी नवी तक्रार नोंदवू नये, तीच पुन्हा उघडावी, म्हणजे जुना क्रमांक आणि जुनी तारीख राहते. स्क्रीनशॉट वहीत चिकटवा. मोबाइल बदलला की ते जातात.

20 ते 22 जून. पालखी

दोन्ही पालख्या पुण्यात. ज्ञानेश्वर महाराजांची भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकाराम महाराजांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात. रस्ते बंद, वर्ग नाही. मुलांनी शेजारच्या गणेश मंडळाबरोबर पाण्याचं टेबल लावलं. सुधारणा हवी: कागदी पेल्यांचा ढीग लगेच उभा राहतो, टेबलाबरोबरच दोन मोठी पिंपं आणि ती उपसणारा एक माणूस ठरवा. स्टीलचे पेले आणि विसळायला दोन बादल्या असतील तर फारच उत्तम. वारकऱ्यांकडे बहुतेक वेळा स्वतःचा तांब्या असतोच. मग मोठी किटली घेऊन चालत राहणारे दोघे टेबलापेक्षा जास्त उपयोगी.

29 जून. मतदार नोंदणी

नमुना 6 नवीन नावासाठी. नमुना 8 पत्ता बदल, दुरुस्ती आणि नवीन कार्डासाठी. नमुना 7 नाव वगळण्यासाठी. 2022 पासून वर्षाला चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला अठरा पूर्ण असावी लागतात) आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून अकरावी-बारावीची मुलंही बसवली.

अडलं ते पत्त्याच्या पुराव्यावर. साधा, नोंदणी न केलेला भाडेकरार चालत नाही. भाड्याच्या खोलीत गॅसचं कार्ड किंवा बँकेचं पासबुक कामाला येतं, वीजबिल बहुधा घरमालकाच्या नावावर असतं. कुटुंबातल्या कुणाचा मतदार क्रमांक जोडता आला तर जोडावा.

पेठेतून कोंढव्याला राहायला गेलेल्या घरांचा प्रश्न मोठा. नाव अजून पेठेच्या यादीत, घर हडपसर मतदारसंघात. मुलं नमुना 6 भरायला निघतात आणि मग नाव दोनदा होतं. इथे नमुना 8 लागतो. अर्ज भरायला बसवताना पहिला प्रश्न "आधी कुठे नाव आहे का?" हाच विचारायचा.

अर्ज केला म्हणजे झालं नाही. बीएलओ (मतदान केंद्राचे अधिकारी) पडताळणीला दिवसा येतात, घरात आजी किंवा नवीन सून असते, ती "माहीत नाही" म्हणते, की अर्ज अडकला. घरातल्या सगळ्यांना आणि शेजारच्या एका घराला अर्जाबद्दल सांगून ठेवा. संदर्भ क्रमांक दाराच्या आत खडूने लिहून ठेवायची युक्ती एका मुलीने काढली, ती सगळ्यांनी उचलली.

नंतरची भर, ऑगस्ट: महापालिका निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादीच धरली जाणार असं कळलं. म्हणजे 29 जूनला अर्ज केलेल्यांची नावं त्यात येणं शक्य नव्हतं. हे काम मार्चमध्ये व्हायला हवं. रमजान संपला की लगेच.

13 जुलै. स्वच्छतागृहाची पाहणी आणि माहिती अधिकाराचा अर्ज

एका वस्तीतलं सार्वजनिक स्वच्छतागृह निवडलं. बायकांच्या बाजूला दिवा नाही, कड्या तुटलेल्या, पाणी सकाळीच. पाहणीच्या फॉर्मवर फक्त मोजता येईल तेवढंच: सीट किती, चालू किती, आतून कडी लागते का, दिवा, पाणी किती ते किती, सफाई कितीदा दिसली. "अवस्था वाईट" असं लिहिलेले फॉर्म परत केले. बायकांच्या बाजूची पाहणी मुलींनी, सकाळी सहाला आणि रात्री नऊला. रात्रीच्या पाहणीला वस्तीतल्या एक खाला सोबत गेल्या.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात जोडपत्र अ (अर्जाचा ठरलेला नमुना), 150 शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, ₹10 चा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही, पण पुराव्याची प्रत जोडावी लागते. कारण सांगावं लागत नाही, कायद्यात वयाची अटही नाही.

पहिल्या मसुद्यांमध्ये सगळे प्रश्न "का" चे होते: सफाई का होत नाही, दिवा का नाही. अशा प्रश्नांना उत्तर मिळत नाही, कारण कायदा कार्यालयात असलेलं कागदपत्र देतो, खुलासा देत नाही. "का" खोडून त्याजागी कागदाचं नाव लिहायचं. अंतिम मसुदा असा झाला:

"विषय: सदर सार्वजनिक स्वच्छतागृहाची देखभाल. कालावधी: 1 जानेवारी ते 30 जून 2025. माहिती: (1) देखभालीच्या कार्यादेशाची प्रत. (2) निविदेतील कामाची व्याप्ती व दंडाची कलमे यांच्या प्रती. (3) या कालावधीत अदा केलेल्या देयकांच्या प्रती. (4) सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीपत्रकाच्या प्रती. माहिती व्यक्तिशः घेणार."

यातला "दंडाची कलमे" हा भाग सोडू नका. पुढे सगळं त्यावर चालतं.

मराठीची अडचण खरी आहे. मुलं रस्त्यावर फर्डं मराठी बोलतात, पण उर्दू किंवा इंग्रजी माध्यमातली बरीच जण अर्ज लिहायला बसली की थबकतात. उपाय साधा: बोलून टाइप करायचं, मग एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने खोडायचं. "महोदय, उपरोक्त विषयान्वये" वगैरे शिकवण्यात वेळ घालवला नाही. साधं मराठी टेबलावर चालतं.

14 जुलैला अर्ज दिला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. कोर्ट फी स्टॅम्प एकदम वीस आणून ठेवा, संध्याकाळी मिळत नाहीत.

कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतल्या कामासाठी हे सगळं बदलतं: बोर्ड केंद्राचं, म्हणून केंद्राचे 2012 चे नियम, 500 शब्द, ₹10 पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन, पहिल्या अपिलाला शुल्क नाही. राज्याचा कोर्ट फी स्टॅम्प तिथे उपयोगाचा नाही.

27 जुलै. नावांचं त्रांगडं

अर्ज-मदत टेबल सुरू केलं. आधी जुम्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर लावलं. फसलं. लोकांना दुकान, रिक्षा, कारखाना गाठायचा असतो, कागद जवळ नसतात. रविवारी संध्याकाळी रेशन दुकानाजवळ लावल्यावर गर्दी झाली, त्यात सगळ्या समाजाचे लोक.

सर्वात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे नावाचं स्पेलिंग. शेख हे आडनाव एकाच घरात इंग्रजीत तीन तऱ्हांनी. आडनाव कधी पुढे, कधी मागे. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं. कोणता कागद पाया धरायचा हे आधी ठरवा. आम्ही शाळा सोडल्याचा दाखला धरतो, तो नसेल तर जन्मदाखला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून आधार सगळ्यात शेवटी दुरुस्त करायचं. घाईत आधी आधार बदलून बसलेली माणसं दुसरी संधीही गमावतात.

टेबलाचे नियम: पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही. आधारची प्रत किंवा फोटो ठेवायचा नाही. ओटीपी ज्याचा त्यानेच टाकायचा. मुलांच्या मोबाइलवरून लॉगिन नको. एका मुलाने मदतीपोटी पाच जणांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवले होते. ती पानं फाडली आणि पाचही जणांना बोलावून पासवर्ड बदलायला लावले.

10 ऑगस्ट. गंज पेठेतली फेरी

महात्मा फुले वाडा चालत दहा मिनिटांवर, तरी बऱ्याच जणांनी आत पाऊल टाकलेलं नव्हतं. 1868 मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, आणि 1856 च्या पत्रात सावित्रीबाईंनी केलेला त्यांच्या सहकारी फातिमा (शेख) यांचा उल्लेख, एवढंच सांगितलं. खर्च शून्य. पाण्याच्या हौदापाशी उभं राहून वस्तीतल्या नळाच्या वेळांवर बोलणं आपोआप निघालं.

17 ऑगस्ट. एका ओळीचं उत्तर

मुदतीच्या शेवटच्या दिवसात उत्तर आलं: माहिती मागितलेल्या स्वरूपात उपलब्ध नाही. मुलांचा धीर सुटतो तो इथेच. वर्गातली हजेरी त्या रविवारी सर्वात कमी होती. त्यामुळे एक क्रम ठरवला: उत्तर येण्याआधीच अपिलाचा मसुदा तयार ठेवायचा. म्हणजे नकार आला तरी तो पुढच्या पानावर जाण्याचा दिवस असतो.

पहिलं अपील जोडपत्र ब, ₹20 चा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून 30 दिवसांत. अपिलात भावना नको. चारही मुद्दे पुन्हा लिहून प्रत्येकापुढे: "कार्यादेशाशिवाय काम देता येत नाही, देयकाशिवाय रक्कम अदा होत नाही, त्यामुळे हे अभिलेख कार्यालयात असणारच." 25 ऑगस्टला दाखल. निकाल 30 दिवसांत, कारण नोंदवून फार तर 45.

27 ऑगस्टपासून गणपती, 5 सप्टेंबरला ईद-ए-मिलाद. वर्ग बंद ठेवले. चालू ठेवून उपयोग नसतो, पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीला दोघे गेले तेवढंच.

14 सप्टेंबर. अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग

पुण्यात 2006-07 पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. वर्षानुवर्षं हे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात घेतले गेले आहेत आणि एका कामाला 5 लाखांची मर्यादा राहिली आहे. दर वर्षीची तारीख क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्यावी.

मुलांच्या पहिल्या सूचना: अभ्यासिका, दवाखाना, उड्डाणपूल. एकही बसत नाही. छोटं, महापालिकेच्याच जागेवरचं आणि जागा बोट ठेवून दाखवता येईल असं काम हवं. "प्रभागात दिवे लावा" नाही, तर "अमुक खांब ते तमुक खांब, तीन दिवे". जागेचा हातनकाशा जोडा, दोन ओळखीच्या खुणा लिहा. शक्य असेल तर अर्ज देण्याआधी कनिष्ठ अभियंत्यांना जागा दाखवा. खाली जलवाहिनी आहे म्हणून बाक बसत नाही, असल्या गोष्टी त्यांनाच ठाऊक असतात.

एकाच कामाचे पन्नास झेरॉक्स अर्ज देण्याचा मोह आवरा. एक अर्ज, खाली त्या गल्लीतल्या सगळ्या धर्मांच्या रहिवाशांच्या सह्या, हे जास्त वजनदार. सह्या मुलींनी घरोघर जाऊन घेतल्या. मुलगे गेले तेव्हा दारं अर्धीच उघडली.

5 ऑक्टोबर. लाडकी बहीण ई-केवायसी

18 सप्टेंबरला शासनाने मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) सक्तीची केली आणि टेबलावर रांग लागली. बाकी सगळी कामं महिनाभर मागे पडली. महिना ₹1,500 चा प्रश्न असला की बाई उद्याची वाट पाहत नाही, तिने का पाहावी?

संकेतस्थळ दिवसा हलत नाही. रात्री अकरानंतर किंवा पहाटे बरं चालतं. बाईचा आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार ओटीपी लागतो. नवरा कामावर, मोबाइल त्याच्या खिशात, किंवा आधारशी जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं. आधी मोबाइल जोडणीच तपासा, त्यासाठी तेव्हा आधार केंद्रात जावं लागत होतं आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून तिथलं शुल्क ₹50 चं ₹75 झालं होतं. विधवा, तलाकशुदा आणि सोडून दिलेल्या बायकांचं काम नवऱ्याच्या ओटीपीवाचून अडलं. त्यांची यादी वेगळी केली आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद आधीच गोळा करायला लावले.

19 ऑक्टोबर. अपिलाचा निकाल

सुनावणीला अर्जदार आणि सोबत एक जण. काय बोलायचं हे वर्गात करून घेतलं होतं: चार वाक्यं, शेवटचं "कागद मोफत मिळावेत, कारण मुदतीत माहिती दिलेली नाही, कलम 7(6)". आदेश: 15 दिवसांत माहिती, विनामूल्य. एरवी पानाला ₹2 पडतात.

हाती आलेल्या कागदांत सफाई दिवसातून दोनदा, दिवे आणि कड्या दुरुस्त करणं कंत्राटदाराकडे, न केल्यास दंड, असं स्वच्छ लिहिलेलं. हजेरीपत्रक मात्र आलं नाही. पाहणीचे फॉर्म आणि कलमांचे क्रमांक समोरासमोर लावून एक पानी पत्र दिलं. आठवड्यात दिवे लागले. कड्या नाहीत. कड्यांसाठी दुसरं पत्र, त्यात दंडाचं कलम.

9 नोव्हेंबर. जातीचा दाखला

महाराष्ट्रात मोमीन, तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी असे कित्येक मुस्लिम समाज ओबीसीत आहेत. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. अडचण अशी की आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात बहुधा नुसतं "मुसलमान". मग आजोबांचे भाऊ, आत्या, गावची शाळा, जन्म-मृत्यू नोंदी, महसुली कागद असं शोधत जायचं. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाच्या जातीच्या दाखल्याची वैधता (अधिकृत पडताळणी) झाली असेल तर अर्धं काम सोपं. पुण्यात आलेल्या घरांना गावी जावं लागतं. तलाठ्यांकडे किंवा शाळेत परीक्षांच्या काळात जाऊ नका.

बारावीच्या मुलांनी हे अकरावीतच सुरू करावं. प्रवेशाच्या जूनमध्ये सुरू केलेला दाखला त्या वर्षी उपयोगी पडत नाही.

30 नोव्हेंबर. प्रभागाची प्रारूप यादी

20 नोव्हेंबरला महापालिका निवडणुकीच्या प्रारूप (कच्च्या) मतदार याद्या आल्या. हरकतींची मुदत आधी 27 नोव्हेंबर, मग 3 डिसेंबर. या टप्प्यात नवीन नाव घालता येत नाही. विधानसभेच्या यादीत असून प्रभागात नसलेलं, किंवा चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव, एवढीच दुरुस्ती होते. जूनमधले अर्जदार इथे पुन्हा रागावले. त्यांना विधानसभेच्या यादीतलं आपलं नाव दाखवून घरी पाठवलं.

यादी आडनावाने नव्हे, घर क्रमांकाने आणि इमारतीने तपासा. एकाच इमारतीतली दोन घरं वेगळ्या प्रभागात दिसली की सगळ्या इमारतीची हरकत द्यायची.

इच्छुक उमेदवार आता टेबलावर फोटोला येतात. खुर्ची देतो, पाणी देतो. बॅनर आणि फोटो नाही. एकाने छपाईचा खर्च देऊ केला, नम्रपणे नको म्हटलं. टेबलावर एक पक्ष बसला की उरलेली अर्धी गल्ली परत येत नाही.

7 डिसेंबर. पुढच्या तुकडीकडे

वह्या गोळा केल्या. अपुरी कामं वेगळ्या रजिस्टरात, प्रत्येकापुढे पुढची तारीख आणि दोन नावं. एक जण कॉलेजसाठी बाहेरगावी गेला तरी दुसरा असतो. सगळ्यात जास्त खर्च झेरॉक्स आणि चहाचा, मग भुसा-पोती-हातमोजे. कोर्ट फी स्टॅम्प सर्वात स्वस्त.

बाकी: स्वच्छतागृहाच्या कड्या. हजेरीपत्रकासाठी दुसरं अपील, राज्य माहिती आयोगाचं पुणे खंडपीठ, जोडपत्र क, ₹20. पहिल्या अपिलाच्या निकालापासून 90 दिवस, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत. मसुदा तयार आहे, स्टॅम्प पहिल्या रजिस्टरच्या कव्हरच्या आत चिकटवलेल्या पाकिटात.